हसवणाऱ्या बँडला गांभीर्याने कसं ऐकायचं

माझा भाचा बेस गिटार वाजवतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चार पोरांचा बँड आहे. गाणी मराठीत, आणि विषय असे की ऐकणारा पहिल्या ओळीलाच हसतो: पाण्याचा टँकर, सातपूरच्या कंपनीतली नाइट शिफ्ट, मेसमधली पातळ आमटी. गेल्या हिवाळ्यात त्यांचा एक छोटा कार्यक्रम झाला आणि त्यावर चार ओळी छापून आल्या. मथितार्थ एवढाच, की पोरं मजेशीर आहेत, धमाल उडवली, पण संगीत म्हणून त्यात फार काही शोधायला जाऊ नये. भाच्याने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मामा, हे कौतुक आहे की टोमणा?"

मी तरुणपणी पंचवटीतल्या एका मंडळात ताशा वाजवायचो आणि पुढे काही वर्षं तबल्याच्या क्लासला जायचो. भाच्याच्या नादाने गेली काही वर्षं हे परदेशी बँड ऐकतोय, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. त्याला त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. त्या चार ओळी लिहिणाऱ्याचं वाईट चिंतून मी ते सांगितलं नव्हतं. हसवणाऱ्या बँडबद्दल जगभर असंच लिहिलं जातं, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

भाच्याचा बँड स्वतःला 'पंक-फंक' म्हणवतो. आधी ते काय असतं ते पाहू, कारण समीक्षकाचा पाय घसरतो तो तिथेच.

तबला शिकलेल्या माणसाला फंक समजावणं सोपं आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, आणि सगळा जीव समेत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेत. वाजवणारा कितीही लांब फिरून येऊ दे, तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर नेमका उतरला की बैठकीतून आपोआप 'वा' निघते. जेम्स ब्राऊन या अमेरिकन गायकाने १९६० च्या दशकाच्या मध्यावर आपल्या वादकांकडून जवळपास हेच मागायला सुरुवात केली. तोवर तिकडच्या नाचाच्या संगीतात जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असायचा, टाळी तिथे पडायची. ब्राऊनने जोर पहिल्यावर आणला. त्या पहिल्या ठोक्याला तो 'द वन' म्हणायचा. आपली समच ती. चार ठोक्यांचं आवर्तन, एकेका ठोक्याचे चार तुकडे, म्हणजे हिशेब पुन्हा सोळाचाच. पहिल्या तुकड्यावर सगळे एकत्र आदळतात आणि उरलेल्या पंधरांत कोणी कुठे वाजवायचं याची वाटणी होते. कोणी कुठे गप्प राहायचं, हेही त्या वाटणीतच ठरतं. फंकमध्ये गिटारवाला पुष्कळदा सूर लांबवत नाही, तारा दाबून नुसता 'चक्' असा आवाज काढतो आणि थांबतो. त्या थांबण्यानेच ऐकणाऱ्याचा पाय हलतो.

बेस गिटार अंगठ्याने ठोकून वाजवण्याची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, ती रूढ केली लॅरी ग्रॅहम या वादकाने. तो आईबरोबर क्लबमध्ये वाजवायचा आणि एका टप्प्यावर त्यांच्याकडे ड्रमवाला राहिला नाही. मग ड्रमची उणीव भरून काढायला तो जाड तारेवर अंगठा आपटू लागला आणि बारीक तार बोटाने ओढून सोडू लागला. म्हणजे डग्गा आणि तबल्याच्या किनारीवरची चाट दोन्ही एकाच वाद्यात.

पंकचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये रामोन्स नावाचा बँड निघाला, १९७६-७७ मध्ये लंडन त्या आवाजाने दणाणलं. दोन-तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर), जोरात, भरधाव, दोन मिनिटांत गाणं संपलं. वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक मेन रोडला येते तेव्हा ताशाची तर्री कशी अखंड सुटते, मोजायला कोणाला सवड नसते, तसं. पंक मोकळी जागा ठेवत नाही. फंकचं तर मोकळ्या जागेवाचून चालतच नाही.

हे दोन स्वभाव एकाच गाण्यात कोंबले की जे तयार होतं ते पंक-फंक. इंग्लंडमध्ये लीड्सच्या गँग ऑफ फोरने १९७९ साली आणि ब्रिस्टलच्या पॉप ग्रुपने त्याच वर्षी याचे नमुने लोकांपुढे ठेवले. गँग ऑफ फोरचा गिटारवादक अँडी गिल याने पुढे १९८४ मध्ये रेड हॉट चिली पेपर्सचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला. त्यांच्या दुसऱ्या अल्बमला, १९८५ मध्ये, जॉर्ज क्लिंटन प्रोड्यूसर होता, म्हणजे खुद्द फंकच्या घराण्यातला बुजुर्ग. एकाच बँडच्या पहिल्या दोन अल्बमांत दोन्ही घराण्यांची तालीम.

आता या लेखातला माझा मुख्य मुद्दा. विनोद आणि फंक एकाच गोष्टीवर चालतात: कुठे थांबायचं. पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन ऐकताना हशा कधी येतो ते बघा. शब्द संपतो, ते क्षणभर थांबतात, आणि त्या थांबण्यात सभागृह फुटतं. तेच वाक्य न थांबता वाचून दाखवलं तर निम्मा हशा जातो. गाण्यात आपण 'जागा' म्हणतो, विनोदातही ती असते, आणि ती घेता यावी लागते. पंक-फंक वाजवणारा बँड तुम्हाला खदाखदा हसवत असेल, तर तो शब्द आणि ताल दोन्हींच्या जागा नेमक्या घेतोय, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून 'हसवतात छान, पण वाजवण्यात दम नाही' हे वाक्य या प्रकारच्या संगीताबाबत मला पटत नाही. हसू आलं ते वाजवण्यामुळेच आलं असण्याची शक्यता दाट असते.

मग समीक्षकाला हे ऐकू का येत नाही?

एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. समीक्षकाच्या टेबलावर रेकॉर्डींचा ढीग. एक रेकॉर्ड तो एकदा, फार तर दोनदा ऐकतो. पहिल्या ऐकण्यात शब्द पुढे येतात, विनोद कळतो, हसू येतं. दुसऱ्या ऐकण्यात विनोद आधीच माहीत असतो म्हणून फिका वाटतो. तालातली कारागिरी कानात बसते ती पाचव्या-सहाव्या वेळी, आणि तोवर लेख छापून झालेला असतो. दुसरं कारण शब्दांचं. दुःखी गाण्याबद्दल लिहायला आपल्याकडे शब्दांचं भांडार आहे: आर्त, व्याकुळ, अंतर्मुख. हसऱ्या गाण्याबद्दल 'मजेशीर' आणि 'धमाल' यापुढे गाडी सरकत नाही. इंग्रजीत अशा गाण्यांसाठी 'नॉव्हेल्टी' हा शिक्का आहे. तो एकदा बसला की रेकॉर्ड दुकानातल्या वेगळ्याच फळीवर जाते, खेळण्यांच्या शेजारी म्हणा ना.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. सोंग घेणारा विंचू चावल्यासारखा तडफडतो, लोळतो, बघणारे हसून बेजार होतात, आणि तो विंचू म्हणजे काम-क्रोध हे कळेपर्यंत भारूड आपलं काम करून गेलेलं असतं. त्या हसण्याने एकनाथांचं वजन कमी झालं असं कोणी म्हणत नाही. आणि नाशिकपुरतं बोलायचं तर १९४२ सालचं मराठी साहित्य संमेलन इथे भरलं होतं, त्याचे अध्यक्ष होते आचार्य अत्रे. 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहून त्यांनी कवींची यथेच्छ विडंबनं केली होती. ती विडंबनं वाचताना एक गोष्ट लक्षात येते: मूळ कवीचं वृत्त, त्याची लकब, त्याचे आवडते शब्द, सगळं अत्र्यांच्या हातात पक्कं बसलेलं आहे. छंद चुकला असता तर विडंबन पडलंच असतं. विडंबन करणाऱ्याला मूळ रचना कवीइतकीच यावी लागते. बँडचंही तसंच आहे.

'स्वतंत्र बँड' या शब्दाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण समीक्षेत त्यावरूनही गोंधळ होतो. स्वतंत्र म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार न करता स्वतःच्या किंवा छोट्या कंपनीच्या बळावर रेकॉर्ड काढणारा. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन १९७७ च्या जानेवारीत चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतः काढली आणि पुढच्या शेकडो बँडना रस्ता दिसला. आपल्याकडे साठच्या दशकात अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी ज्या अनियतकालिकांच्या चळवळीत होती, तिचा पिंड हाच. प्रस्थापित मासिकांच्या दारात उभं न राहता आपलं आपण छापायचं, प्रती थोड्या, कागद साधा, आणि मजकुरावर दुसऱ्या कोणाचा हात नाही.

अशा रेकॉर्डीला समीक्षक दोन प्रकारे अन्याय करतात. काही जण सूट देतात, 'पोरं धडपडतायत' म्हणून पाठ थोपटतात आणि ऐकायचं टाळतात. काही जण रेकॉर्डिंगचा खरखरीत आवाज ऐकून वाजवणाऱ्यालाच कच्चा ठरवतात. स्वस्त स्टुडिओ आणि कच्चा हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर अब्दुल करीम खाँसाहेब ऐकणाऱ्या घरात हे वेगळं सांगायची गरज पडू नये.

आता हे सगळं एका बँडच्या आयुष्यात कसं घडलं ते सांगतो. बँडचं नाव मिनिटमेन. माझा या बँडवर फार जीव आहे, तेव्हा इथे थोडा रेंगाळणार.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला सॅन पेद्रो नावाचा बंदराचा भाग आहे, गोदीकामगारांचा आणि नौदलातल्या कुटुंबांचा. तिथल्या एका बागेत दोन पोरांची ओळख झाली ती अशी, की डी. बून झाडावरून उडी मारून थेट माइक वॉटच्या अंगावर पडला. बूनच्या आईने दोघांना संगीताकडे वळवलं, आणि वॉटने बेस वाजवावा हे तिनेच ठरवलं. बेस म्हणजे नेमकं काय हे वॉटला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो साध्या गिटारला चारच तारा लावून वाजवायला लागला. १९८० मध्ये त्यांनी मिनिटमेन सुरू केला, पुढे ड्रमवर जॉर्ज हर्ली पक्का झाला. त्याच वर्षीच्या पहिल्या रेकॉर्डीवर सात गाणी, सगळी मिळून सात मिनिटांच्या आत. १९८१ च्या 'द पंच लाइन'वर अठरा गाणी, वेळ पंधरा मिनिटं. नावातच विनोदाची शेवटची ओळ. कडवं-धृपद-कडवं हा साचा त्यांनी टाकून दिला होता. मुद्दा सांगून झाला की गाणं थांबायचं.

त्यांच्या बोलण्यात 'इकॉनो' हा शब्द सारखा असायचा. काटकसर, पण अभिमानाची. स्वतःची व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं, स्टुडिओ रात्री उशिरा घ्यायचा कारण तेव्हा भाडं कमी, टेपसुद्धा वापरलेली चालते. बूनने आपल्या गिटारमधला खर्ज पार काढून टाकला होता, नुसता तार आवाज ठेवला, म्हणजे खालची सगळी जागा वॉटच्या बेसला मिळावी. एरवी रॉक बँडमध्ये गिटार राजा असतो. इथे तिघांना सारखी जमीन वाटून दिली होती, आणि बूनला त्यामागचा अर्थ राजकीय होता. हे माहीत नसलेला माणूस म्हणतो, गिटारचा आवाज पातळ आहे.

१९८४ च्या जुलैमध्ये त्यांचा दुहेरी अल्बम आला, 'डबल निकल्स ऑन द डाइम'. चाळीसहून अधिक गाणी, आणि रेकॉर्डिंगचा खर्च सुमारे ११०० डॉलर. दुहेरी का, तर त्याच छोट्या कंपनीतला हस्कर डू हा बँड दुहेरी अल्बम करतोय असं कळलं आणि यांनी ईर्ष्येने आणखी गाणी रचली. कव्हरच्या आत हस्कर डूला उद्देशून चिमटाही छापला आहे. चार बाजूंपैकी तीन बाजूंची गाणी एकेकाने निवडली, उरलेली चौथ्या बाजूवर टाकली आणि त्या बाजूला नाव दिलं 'भुसा'.

नावातला विनोद समजून घेण्यासारखा आहे. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं. दोन पाच शेजारी ठेवले की पंचावन्न. डाइम म्हणजे दहा सेंट, इथे दहा नंबरचा हायवे. ट्रकवाल्यांच्या बोलीत अर्थ होतो: दहा नंबरच्या हायवेवर बरोबर पंचावन्न मैलांच्या वेगाने. तेव्हा अमेरिकेत हायवेवर तेवढीच वेगमर्यादा होती, आणि त्याच वर्षी एका लोकप्रिय रॉक गायकाने 'मला पंचावन्नवर गाडी चालवता येत नाही' असं गाणं काढलं होतं. मिनिटमेनचं म्हणणं असं, की गाडी भरधाव हाकून संगीत मात्र सुरक्षित करायचं, त्यापेक्षा आम्ही गाडी नियमात चालवतो आणि धाडस संगीतात करतो. कव्हरवरच्या फोटोत वॉट आपली फोक्सवॅगन बीटल चालवतोय, काटा पंचावन्नवर आहे आणि समोर सॅन पेद्रोची पाटी.

हा विनोद फारसा कोणाला कळलाच नाही, असं वॉटने नंतर सांगितलं. आपल्याकडे एखाद्या बँडने अल्बमचं नाव 'द्वारकेचा सिग्नल' ठेवलं तर नाशिककर ते वाचताच हसेल, कारण त्या चौकात त्याच्या आयुष्याचे तास गेलेत. कोल्हापूरच्या माणसाला त्यात श्रीकृष्ण दिसेल. बाहेरच्याला विनोद कळला नाही म्हणून विनोद वाईट ठरत नाही. पण समीक्षक बहुतेक वेळा बाहेरचाच असतो, आणि कळलं नाही असं लिहिण्याऐवजी पोरकटपणा आहे असं लिहून मोकळा होतो.

त्याच अल्बमवर त्यांनी व्हॅन हेलन या बड्या बँडचं एक गाणं जेमतेम चाळीस सेकंदांत उरकलं आहे. ऐकणारा आधी हसतो. मग लक्षात येतं की मूळ गाण्यातला सगळा डौल, सगळी लांबण वजा करूनही गाण्याचा कणा शाबूत राहिलाय. 'झेंडूची फुले' वाचताना होतं तेच इथे होतं.

प्रेक्षकांनी यांना सुरुवातीला डोक्यावर घेतलं असंही नाही. १९८३ मध्ये ते ब्लॅक फ्लॅग या आक्रमक बँडबरोबर युरोपभर फिरले. तिथल्या पंक श्रोत्यांना निव्वळ वेग हवा होता. मधेच फंकचा ठेका, मधेच शांतता, हे त्यांना रुचेना. अंगावर थुंकण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे विनोद न कळणाऱ्यांना ते फार पोरकट वाटायचे आणि पंकवाल्यांना फार शहाणे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. १९८५ च्या एका रेकॉर्डीचं नाव त्यांनी ठेवलं 'प्रोजेक्ट: मर्श'. मर्श हे कमर्शियलचं त्यांनी केलेलं लहान रूप. धंदेवाईक व्हायचं ठरवलं तर काय होईल, हा विनोद स्वतःच्याच बँडवर. वर्षअखेरीस आलेल्या शेवटच्या अल्बमच्या नावाचा अर्थ होतो, 'तिघांत बरोबरी, शेवटच्या नंबरासाठी'.

त्याच डिसेंबरात त्यांनी आर.ई.एम. या नावारूपाला येत असलेल्या बँडबरोबर दौरा केला. २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हॅनचा अपघात झाला आणि डी. बून गेला. वय २७. बँड तिथेच संपला.

यानंतर त्यांचं नाव वाढत गेलं. २००१ साली मायकेल अझेराड यांनी अमेरिकेतल्या स्वतंत्र बँडवर जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव मिनिटमेनच्याच गाण्यातल्या ओळीवरून घेतलं: आमचा बँड तुमचं आयुष्य होऊ शकेल, अशा अर्थाची ती ओळ. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत 'डबल निकल्स' २००३ मध्ये ४११ वा होता. २०२० मध्ये तीच यादी नव्याने केली तेव्हा तो २६७ वर आला. टेप तीच, गाणी तीच. मत देणारी माणसं बदलली, आणि मधल्या वर्षांत त्या बँडवर वाढलेले कितीतरी वादक तयार झाले होते. यादीतला नंबर संगीताइतकाच काळाबद्दलही सांगतो, म्हणून तो वाचताना शेजारी साल लिहून ठेवावं.

मला एक गोष्ट मात्र खटकते. बून गेल्यानंतर बरेच लेख इतके गंभीर झाले की वाचताना वाटावं, हे तिघे कधी हसलेच नाहीत. आधी विनोदामुळे संगीत दिसत नव्हतं, आता आदरामुळे विनोद दिसेनासा झाला. दोन्ही वेळा अर्धाच बँड ऐकला गेला.

'डबल निकल्स'वरच 'कोरोना' नावाचं गाणं आहे. नावाचा संबंध मेक्सिकोतल्या त्या बिअरच्या बाटलीशी. बून मेक्सिकोत समुद्रकिनारी गेला होता. तिथे त्याने रिकाम्या बाटल्या वेचून चार पैसे मिळवणारी बाई पाहिली आणि गाणं लिहिलं. चाल मात्र उड्या मारणारी, जवळजवळ लग्नातल्या बँजो पार्टीसारखी. २००० साली अंगावर घाव झेलून हसवणाऱ्या 'जॅकअस' या टीव्ही कार्यक्रमाने तिची धून शीर्षकासाठी घेतली. लाखो लोक ती धून ऐकताच हसायच्या तयारीला लागतात, आणि बाटल्या वेचणारी बाई त्यांच्या गावीही नसते. मी भाच्याला हे गाणं आधी काहीच न सांगता ऐकवलं. तो टेबलावर बोटं वाजवत हसत होता. मग शब्दांचा अर्थ सांगितला. बोटं थांबली नाहीत, हसू थांबलं. विंचवाचं भारूड ऐकताना नेमकं असंच होतं.

प्रायमस या दुसऱ्या बँडने हा तिढा वेगळ्या तऱ्हेने सोडवला. लेस क्लेपूल हा त्यांचा गायक आणि बेसवादक. अंगठ्याने तार ठोकण्यात त्याचा हात धरणारे थोडे, आणि गाणी मासेमारीची, विक्षिप्त माणसांची, चित्रविचित्र आवाजात. त्यांचे चाहतेच कार्यक्रमात ओरडतात की प्रायमस भिकार आहे. तोच जयजयकार. समीक्षकाने शिवी द्यायचं म्हटलं तरी ती आधीच वापरून झालेली. १९९३ चा त्यांचा 'पोर्क सोडा' अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या यादीत थेट सातव्या क्रमांकावर उतरला. एमपी३ फाइलींना संगीतप्रकाराचं लेबल लावण्यासाठी विनॅम्प या संगणकावर गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने जी यादी वाढवली, तिच्यात रॉक, फंक यांच्या रांगेत 'प्रायमस' हा एक स्वतंत्र प्रकार आहे.

आपल्या देशातही असं घडलंय. दिल्लीच्या ब्लडीवूड या बँडने लोकप्रिय गाण्यांची हेवी मेटलमधली विडंबनं करून सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या मोठ्या जत्रेत वाजवत होते, ढोलासकट. लिहिणाऱ्यांबद्दल म्हणाल तर भारतातलं रॉकवरचं महत्त्वाचं मासिक, 'रॉक स्ट्रीट जर्नल', १९९३ साली निघालं ते अलाहाबादहून. मुंबई-दिल्लीची वाट न पाहता. नाशिकमध्ये सुला फेस्ट २००८ पासून देशोदेशीचे बँड घेऊन आलं, ऐकणारा कान इथे आहे. त्या कानाने ऐकलेलं कोणी मराठीत नीट लिहून ठेवत नाही, हे मला मनापासून डाचतं. शास्त्रीय मैफलीच्या वृत्तांतात कोणता राग, कोणता ताल, साथ कोणाची, हे न लिहिता 'छान वाटलं' एवढंच लिहिलं तर आपण तो वृत्तांत परत पाठवू. बँडबाबत तेवढं तरी मागायला हवं.

भाच्याला मी ती चार ओळींची चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली. तिच्यात एकाही वादकाचा उल्लेख नव्हता. कोणतं गाणं, ठेका कसला, लोक नेमके कुठे हसले, काही नाही. म्हणजे ती कौतुकही नव्हती आणि टोमणाही नव्हता. लिहिणारा हसला होता हे खरं, आणि आपण कशाने हसलो हे त्याने तपासलं नव्हतं. मी म्हटलं, "टँकरच्या गाण्यात 'उद्या येईल' म्हटल्यावर तुम्ही सगळे एक आवर्तन गप्प बसता ना? मी तिथे दर वेळी हसतो. ओळ पाठ आहे तरी हसतो. त्या चिठ्ठीत एवढं एक वाक्य असतं तर ती समीक्षा झाली असती."

तो म्हणाला, "ते गप्प बसणं जमायला आम्हाला तीन महिने लागले, मामा. ड्रमवाला दर वेळी अर्धा ठोका आधी शिरायचा."

पुढच्या रविवारी त्यांच्या तालमीला गेलो. सातपूरला एका वर्कशॉपच्या वरची खोली, भिंतीला जुन्या गाद्या लावलेल्या, खाली लेथ बंद. गिटारवाल्या पोराला भाच्याने बूनची गोष्ट सांगितली असावी. त्याने ॲम्पवरचं बेसचं बटण शून्यावर नेलं, ट्रेबल वर चढवला आणि टँकरचं गाणं सुरू केलं. गिटार एकदम पत्र्यासारखी वाजू लागली. तिच्याखालून भाच्याचा बेस पहिल्यांदाच स्वच्छ वर आला, अंगठ्याचा ठोका, मग ओढलेली तार, मधली रिकामी जागा, सगळं वेगळं मोजता येईल असं. 'उद्या येईल' आलं. चौघे थांबले. मी बोटावर सोळा मोजल्या, आणि ड्रमवाला समेवर उतरला.